डिझेलची मोटार आणि बागाईतदाराचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यांतील बागाईतदार कुटुंबांत मोटार ही आतां निव्वळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मुलांचें शिक्षण तालुक्याच्या गांवीं, दवाखाना शहरांत, बँकेचें काम एकीकडे आणि साखर कारखान्याचें कार्यालय दुसरीकडे, अशी स्थिति असल्यामुळें चारचाकी वाहनावांचून पुष्कळांचें चालत नाहीं. उंसाचें बिल जमा होऊं लागलें म्हणजे घरोघर मोटारीचा विषय निघतो, आणि विक्रेत्याच्या दारांत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, कीं गाडी ॲव्हरेज किती देते? या प्रश्नाचें उत्तर बहुधा डिझेलच्या बाजूनें येतें, आणि तेवढ्यावर सौदा ठरतो.

आमच्या मतें हा प्रश्न खोटा नाहीं, परंतु अपुरा आहे. गाडी लिटरला किती धांवते याच्याआधीं ती वर्षाला किती धांवणार आहे, आणि एका दमांत किती धांवणार आहे, हें पाहिलें पाहिजे. या दोन गोष्टी ज्यानें पाहिल्या नाहींत त्याला लिटरमागें जास्त धांवणारी गाडीच एकंदरींत महाग पडण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखांत हा हिशेब वाचकांपुढें सविस्तर मांडण्याचा आमचा उद्देश आहे.

विहिरीवरील इंजिन व मोटारींतील इंजिन

आपल्याकडील शेतकऱ्यास डिझेल इंजिनाची ओळख मोटारीनें करून दिलेली नाहीं. ती विहिरीवरील व नदीकांठच्या ऑइल इंजिनानें करून दिली. पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली. खुद्द कोल्हापुरांत शिवाजी उद्यमनगरांतील कारखान्यांनीं शेतीचीं ऑइल इंजिनें व त्यांचे सुटे भाग घडविले, आणि येथील फौंड्र्यांचें नांव पुढें झालें. मळ्यांत वीज येण्यापूर्वीं पाणी वर चढविण्याच्या कामीं या इंजिनांनीं जी सेवा केली ती वडीलधाऱ्या मंडळींच्या अजून स्मरणांत आहे. थोड्या तेलांत पुष्कळ काम, आणि बिघडलें तरी गांवच्या मिस्त्रीच्या हातून दुरुस्त होणारें, अशी त्याची कीर्ति होती. मोटार घेतांना तीच कीर्ति मनांत राहून कौल देते.

परंतु विहिरीवरील इंजिन एकदां सुरू केलें म्हणजे चार-सहा तास एका गतीनें चालत असे. तें तापे, आणि तापलेल्या स्थितींतच दिवसाचें काम उरकी. मोटारीचें तसें नसतें. ती घरापासून मळ्यापर्यंत जाते, तेथें तास-दोन तास उभी राहते, थंड होते, आणि परत येते. इंजिनाची जात तीच असली तरी कामाची रीति अगदीं निराळी आहे. हा एक फरक लक्षांत ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन सहज समजेल.

डिझेल कमी कां लागतें

पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ एकत्र दाबून विजेच्या ठिणगीनें पेटविली जाते. डिझेलच्या इंजिनांत नुसती हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं ती स्वतःच लालबुंद लोखंडासारखी तापते. त्या तापलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा सोडला कीं तो ठिणगीवांचून पेट घेतो. पेट्रोलच्या इंजिनांत हवा साधारणतः दहा-अकरा पट दाबली जाते. डिझेलमध्यें पंधरा-सोळा पट, व जुन्या धाटणीच्या इंजिनांत वीस पटींहूनही अधिक. जितका दाब अधिक तितका उष्णतेचा अधिक भाग कामीं लागतो, हें यंत्रशास्त्राचें तत्त्व आहे. शिवाय डिझेल हें पेट्रोलपेक्षां जड असल्यामुळें एका लिटरांतच शेंकडा दहाबारा उष्णता अधिक सांठविलेली असते. या दोन कारणांचा मिळून परिणाम असा, कीं सारख्या आकाराची डिझेल गाडी लिटरमागें पेट्रोल गाडीपेक्षां चार-पांच किलोमीटर पुढें जाते.

या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल हा जर्मन यंत्रज्ञ. त्यास १८९३ सालीं पेटंट मिळालें, आणि १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें त्याच्या इंजिनाची जी परीक्षा झाली तींत उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग प्रत्यक्ष कामांत उतरला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांच्या मानानें हा आंकडा फारच मोठा होता. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत याच जातीचें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें, ही गोष्ट भुईमूग पिकविणाऱ्या आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

विकावयास काढलेल्या पहिल्या डिझेल मोटारींपैकीं एक म्हणजे मर्सिडीझ-बेंझ कंपनीची १९३६ सालची २६०-डी ही गाडी. तिला पहिले गिऱ्हाईक भेटले ते मुख्यतः टॅक्सीवाले. आपल्या देशांतही अँबॅसॅडर गाडी १९८० च्या सुमारास डिझेल इंजिनासह निघूं लागली तेव्हां तिला टॅक्सीवाल्यांनींच उचलून धरलें. टाटांची पुण्याच्या कारखान्यांत बनलेली इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारांत आली. तिच्याही डिझेल गाड्या घरोघर गेल्या तशा भाड्याच्या धंद्यांत मोठ्या संख्येनें शिरल्या. यांत योगायोग नाहीं. ज्याची गाडी दिवसभर रस्त्यावर असते त्याला डिझेल फळतें, हें टॅक्सीवाल्यास कोणी शिकवावें लागत नाहीं, कारण त्याच्या खिशांतील वही त्याला तें रोज सांगत असते.

भावांतील अंतर कसें आटलें

डिझेल मोटारीची जी लाट आपल्याकडे उसळली तिचें खरें कारण इंजिनापेक्षां भावांत होतें. पेट्रोलचे भाव २०१० च्या जूनमध्यें सरकारी नियंत्रणांतून मोकळे झाले. डिझेलचे मात्र पुढील चार वर्षें नियंत्रणाखालीं राहिले. मे २०१२ मध्यें दिल्ली येथें पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलें असतां डिझेल ४१ रुपयांच्या आंत होतें. एका लिटरमागें ३२ रुपयांचें अंतर! अशा वेळीं डिझेल गाडीचा प्रत्येक किलोमीटरचा तेलखर्च पेट्रोल गाडीच्या निम्म्याहूनही कमी येत असे, आणि त्यामुळें थोडी धांव असलेल्या माणसानेंही डिझेल घेतलें तर तें पचून जाई. त्या सुमारास देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकीं जवळजवळ निम्म्या डिझेलच्या होत्या.

ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचेही भाव मोकळे झाले आणि अंतर आटत गेलें. पुढें १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे भारत स्टेज सहा हे कडक नियम देशभर लागू झाले. डिझेल इंजिनाचा धूर त्या नियमांत बसविण्यास लागणारी सामग्री महाग असल्यामुळें लहान गाडींत तो खर्च परवडेनासा झाला. मारुति सुझुकीनें त्या दिवसापासून डिझेल गाड्या काढणें बंद केलें. फियाटच्या ज्या १,२४८ सी.सी. इंजिनावर निरनिराळ्या कंपन्यांच्या कित्येक लहान डिझेल गाड्या चालत, व जें आपल्या रांजणगांव येथेंही बनत असे, त्याचेंही येथील उत्पादन थांबलें. टाटा, महिंद्र, ह्युंदाई, किया यांच्या कांहीं गाड्या डिझेलमध्यें मिळत राहिल्या. परंतु त्यांतील बहुतेक मध्यम व मोठ्या आकाराच्या. तात्पर्य, २०१२ सालच्या शेजाऱ्याचा अनुभव आजच्या खरेदीस प्रमाण मानतां येत नाहीं.

प्रत्यक्ष हिशेब

आतां आंकड्यांकडे वळूं. हिशेबाच्या सोयीसाठीं आम्ही पेट्रोल लिटरला १०४ रुपये व डिझेल ९१ रुपये धरतों. वाचकांनीं आपल्या पंपावरील त्या दिवसाचे भाव घालावे. एकाच आकाराच्या दोन गाड्यांपैकीं पेट्रोलची लिटरला १५ किलोमीटर व डिझेलची २० किलोमीटर प्रत्यक्ष रस्त्यावर धांवते असें समजूं. म्हणजे पेट्रोल गाडीस किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे व डिझेल गाडीस ४ रुपये ५५ पैसे तेलखर्च येतो. बचत २ रुपये ३८ पैसे. डिझेल गाडीच्या सर्व्हिसिंगचा व फिल्टरांचा जादा खर्च किलोमीटरला २५ पैसे वजा केला तर निव्वळ बचत २ रुपये १३ पैसे उरते.

ही बचत मिळविण्यासाठीं प्रारंभीं जादा पैसे मोजावे लागतात. डिझेल गाडीची किंमत अधिक असते, आणि महाराष्ट्रांत तिचा मोटार-करही अधिक आहे. दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीस शेंकडा ११ तर डिझेल गाडीस शेंकडा १३ कर पडतो. गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा हा सर्व फरक आम्ही १,२५,००० रुपये धरतों. ही रक्कम कर्जाऊ घेतली तर शेंकडा ९ दरानें पहिल्या वर्षाचें व्याजच ११,२५० रुपये होतें. आणि घरचे पैसे घातले तरी ते पैसे अन्यत्र कांहीं मिळवून देत होते हें विसरतां येत नाहीं. व्याज जमेस धरून हिशेब येणेंप्रमाणें पडतो:

रोज १० किलोमीटर धांव: वर्षाची बचत सुमारें ७,८०० रुपये. व्याजही भरून निघत नाहीं.

रोज २० किलोमीटर: वर्षाची बचत सुमारें १५,५०० रुपये. जादा रक्कम फिटण्यास सुमारें १५ वर्षें.

रोज ४० किलोमीटर: वर्षाची बचत सुमारें ३१,१०० रुपये. फिटण्यास ५ वर्षांहून थोडा अधिक काळ.

रोज ६० किलोमीटर: वर्षाची बचत सुमारें ४६,६०० रुपये. फिटण्यास सव्वातीन वर्षें.

रोज ८० किलोमीटर: वर्षाची बचत सुमारें ६२,२०० रुपये. फिटण्यास सव्वादोन वर्षांच्या आसपास.

हे आंकडे वाचकांनीं दोनदां वाचावे. ज्याची धांव वर्षभर सरासरी रोज १५ किलोमीटरांच्या आंत आहे त्याचे जादा पैसे कधींच वसूल होत नाहींत. जितकी वर्षें लोटतील तितका तोटा वाढतो. रोज २० किलोमीटर धांव असलेल्याचे पैसे फिटण्यास जो काळ लागतो, तितक्या काळाचीच खाजगी मोटारीची पहिली नोंदणी असते. म्हणजे गाडी जुनी होऊन नोंदणी नव्यानें करण्याची वेळ येते तेव्हां कोठें हिशेब बरोबरीस येतो. खरा फायदा रोज ४० किलोमीटरांच्या पुढें, आणि ठळक फायदा ६० च्या पुढें आहे. जुन्या बाजारांत डिझेल गाडीस कांहीं जादा किंमत येते हें खरें. परंतु आठ-दहा वर्षांनंतरचा भाव आज कोणासच सांगतां येत नसल्यामुळें त्या आशेवर सौदा करूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं आमची धांव रोज सारखी नसते. बरोबर आहे. म्हणूनच वर्षाची धांव घ्यावी. पुण्यास वर्षांतून सहा वेळां जाऊन येणें म्हणजे सुमारें २,८०० किलोमीटर. रोजच्या हिशेबांत ती भर आठ किलोमीटरांचीही होत नाहीं. लांबचे प्रवास स्मरणांत मोठे राहतात, पण वहींत लहान ठरतात.

काजळीची गाळणी

केवळ पैशांचाच प्रश्न असता तर ज्याच्या हातीं पैसा आहे त्यानें तो हौसेखातर सोडला असता. परंतु थोड्या धांवेच्या डिझेल गाडीस आणखी एक आजार जडतो, आणि तो विक्रेत्याच्या दुकानांत सहसा सांगितला जात नाहीं.

भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी एक गाळणी बसविलेली असते. तिला डीपीएफ म्हणतात. सच्छिद्र भाजलेल्या मातीच्या जाळीसारखी तिची रचना असून धुरांतील काजळी तींत सांठते. सांठलेली काजळी वेळोवेळीं जाळून टाकावी लागते, आणि ती जळण्यास धुराची उष्णता साडेपांचशें-सहाशें अंशांपर्यंत चढावी लागते. गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसएक मिनिटें एकसारख्या गतीनें धांवली म्हणजे हें काम आपोआप होतें. चालकास त्याची वार्ताही नसते. परंतु जी गाडी घरापासून मळ्यापर्यंत दोन किलोमीटर, तेथून दूध संस्थेपर्यंत एक किलोमीटर आणि सोसायटीपर्यंत अर्धा किलोमीटर, अशीच हिंडते, तिचें इंजिन पुरतें तापण्याच्या आधींच बंद होतें. काजळी सांठत जाते, गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि शेवटीं गाडीचा जोर कमी होऊन ती वर्कशॉपमध्यें न्यावी लागते. शिवाय काजळी जाळण्यासाठीं इंजिन जादा डिझेल सोडतें. तें काम मध्येंच तुटत गेलें म्हणजे त्यांतील कांहीं डिझेल इंजिन-ऑइलमध्यें उतरून ऑइल पातळ होतें. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजीं वाढलेली दिसली तर तें शुभ चिन्ह समजूं नये.

ज्यांच्याकडे अशी गाडी आधींच आहे त्यांनीं आठवड्यांतून एकदां तरी ती कोल्हापूर-कागल किंवा तशाच एखाद्या मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग हांकावी. दिवा लागल्यावर इंजिन बंद करूं नये, तर गाडीबरोबरच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें ती धांवती ठेवावी. ही काळजी घेतली तर गाळणी वर्षानुवर्षें टिकते.

यूरिया आणि ड्रमांतील डिझेल

शेतकऱ्याच्या घरीं दोन वस्तु नेहमीं असतात आणि दोन्ही डिझेल गाडीस घातक ठरूं शकतात, म्हणून त्यांविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे.

पहिली वस्तु यूरिया. कित्येक नव्या डिझेल गाड्यांत धुरांतील विषारी नायट्रोजन ऑक्साइड वायु मारण्यासाठीं एक द्रव वेगळ्या टाकींत भरावा लागतो. त्यास डीईएफ म्हणतात, आणि त्यांत शेंकडा ३२.५ यूरिया व बाकी शुद्ध पाणी असतें. हें ऐकून गोदामांतील पोत्यांतला यूरिया पाण्यांत विरघळवून टाकींत ओतण्याचा मोह कोणास होईल. तो कटाक्षानें टाळावा. शेतीचा यूरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप देऊन येतो. तो लेप व खतांतील इतर द्रव्यें धुराच्या यंत्रणेंतील नाजूक भाग कायमचे बिघडवितात. शिवाय सवलतीच्या दराचा यूरिया शेतीवांचून अन्य कामास वापरणें कायद्याविरुद्ध आहे. द्रव सीलबंद डब्यांतलाच घ्यावा. टाकी अगदीं रिकामी झाली तर अशा गाड्या पुन्हां सुरू होत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरी वस्तु ट्रॅक्टरसाठीं ड्रमांत सांठविलेलें डिझेल. जुनें ऑइल इंजिन कसल्याही तेलावर कुरकुर न करतां चाले. आजच्या मोटारींतील तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या सोळाशें-दोन हजार पट असतो, आणि फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरांचीं छिद्रें केसासारखीं बारीक असतात. ड्रमाच्या तळाशीं सांचलेलें पाणी, गंज आणि धूळ त्यांत गेली तर एकेका इंजेक्टरचा खर्च वर्षाची बचत खाऊन टाकतो. पावसाळ्यांत राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूस जेथें हवाच ओली, तेथें ड्रमांत पाणी धरण्याचा संभव अधिक. मोटारीचें डिझेल वर्दळीच्या पंपावरूनच भरावें, आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा.

डिझेल कोणास साजतें

इतकें लिहिल्यावर आम्ही डिझेलच्या विरुद्ध आहों असा समज होऊं नये. ज्याचा मुक्काम गडहिंग्लज किंवा शाहूवाडीकडे असून काम रोज कोल्हापुरांत आहे, ज्याची भाजी अगर रोपें घेऊन सांगली-बेळगांवकडे नित्य फेरी असते, ज्याचें कुटुंब मोठें असून सात माणसांची जड गाडीच घ्यावयाची आहे, त्याला डिझेलसारखा सोबती नाहीं. या इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांवरच भरपूर असते. त्यामुळें भरलेली गाडी आंबा घाट किंवा करूळ घाट चढतांना वारंवार गिअर बदलावा लागत नाहीं, आणि पाणंदीच्या चिखलांतूनही ती हळू व दमदार निघते. जड गाडींत पेट्रोल इंजिनाचें ॲव्हरेज फारच उतरतें, म्हणून दोहोंतील अंतर तेथें वाढतें आणि वरील हिशेब डिझेलच्या बाजूस अधिक झुकतो.

याच्या उलट ज्याची गाडी गांव, मळा आणि तालुका एवढ्यांतच फिरते, त्यानें पेट्रोलची लहान गाडी घ्यावी. अथवा जवळ पंप असेल तर सीएनजीची, किंवा घरीं चार्जिंगची खात्रीची सोय असेल तर विजेची गाडी पाहावी. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांनीं विजेच्या गाडीचें कांहींच बिघडत नाहीं.

ऊंस पिकविणाऱ्यानें आणखी एक गोष्ट जाणावी. आपल्या कारखान्यांतून निघणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळलें जातें, डिझेलांत नाहीं. २०२५ सालीं पेट्रोलांतील त्याचें प्रमाण देशभर शेंकडा २० पर्यंत गेलें. त्यांत उंसाबरोबर मका व इतर धान्यांचाही वांटा आहे. पेट्रोलची गाडी घेणारा शेतकरी एका अर्थानें आपल्याच पिकाचा गिऱ्हाईक होतो. परंतु इथेनॉलच्या लिटरमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें उष्णता कमी असते, म्हणून अशा पेट्रोलचें ॲव्हरेज कांहीं टक्क्यांनीं उतरतें, हेंही हिशेबांत धरलें पाहिजे. जुनी पेट्रोल गाडी विकत घेणारानें ती २० टक्के मिश्रणास योग्य आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्या दृष्टीनें तयार केलेल्या आहेत.

खरेदीपूर्वीं

जाहिरातींतील ॲव्हरेजचा आंकडा शासनमान्य चाचणीचा असतो. अशी चाचणी करणारी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. चाचणी प्रयोगशाळेंत, गाडीचीं चाकें रुळांवर फिरवून, ठराविक गतीनें होते. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यास तो आंकडा उपयोगी आहे; परंतु खड्डे, घाट, उंसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागील रखडपट्टी आणि एसी हीं त्या प्रयोगशाळेंत नसतात. खरा आंकडा पाहावयाचा तर ज्याच्याकडे तीच गाडी आहे अशा ओळखीच्या माणसाकडे टाकी फुल्ल करून मीटर टिपून ठेवावा, तीन-चारशें किलोमीटर चालल्यावर त्याच पंपावर पुन्हां फुल्ल करावी, आणि धांव भागिले लिटर असा साधा भागाकार करावा.

कराचीही माहिती असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आंतील लांबीच्या, १,२०० सी.सी. पर्यंतच्या पेट्रोल व १,५०० सी.सी. पर्यंतच्या डिझेल गाड्यांस वस्तु व सेवा कर शेंकडा १८ झाला. त्याहून मोठ्या गाड्यांस तो शेंकडा ४० आहे. लांबींतील थोड्या वाढीसाठीं किती मोजावें लागतें तें यावरून दिसेल.

जुनी डिझेल गाडी स्वस्त मिळते, आणि थोड्या भांडवलांत डिझेलचा लाभ घेण्याचा तो एक मार्ग आहे. परंतु दिल्लीकडील गाड्या विशेष स्वस्त दिसल्या तर त्याचें कारण समजून घ्यावें: तेथें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंधांचे आदेश निघाले, आणि त्या गाड्या बाहेरच्या जिल्ह्यांत विकावयास येऊं लागल्या. अशा गाडीचा ना-हरकत दाखला, कर्जाचा बोजा, मीटरची खरी धांव आणि इंजेक्टरांची स्थिति भरंवशाच्या मेकॅनिककडून पाहून घेतल्यावांचून विसार देऊं नये.

शेवटची गोष्ट कर्जाच्या हप्त्यांची. हप्ता दर महिन्यास येतो. उंसाचें बिल तसें येत नाहीं. कायद्याप्रमाणें ऊंस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयाचे असले तरी पैसा हंगामापुरताच येतो, आणि पावसाळ्याचे चार महिने हात आंखडता असतो. जादा १,२५,००० रुपयांचा हप्ता पांच वर्षांच्या मुदतीनें महिना सुमारें २,६०० रुपये पडतो. ज्याच्या घरीं दुधाचा पैसा दर दहा दिवसांनीं येतो त्याला तो जड नाहीं. ज्याचें सर्वस्व उंसावर आहे त्यानें तो जून ते सप्टेंबर कोठून भरणार हें आधींच ठरवावें. मोटारीच्या हप्त्यासाठीं खतांचे पैसे मोडण्याची पाळी आली तर त्या मोटारीचें खरें ॲव्हरेज एकरी टनांत मोजावें लागेल.

म्हणून आमची वाचकांस सूचना अशी आहे. खरेदी एक महिना पुढें ढकलावी, आणि त्या महिन्यांत घरांतील माणसें दुचाकीनें, एस. टी. नें अगर भाड्याच्या गाडीनें कोठें कोठें व किती किलोमीटर गेलीं याची रोज नोंद ठेवावी. प्रत्येक फेरी एका दमांत किती लांब होती तेंही लिहावें. महिन्याच्या शेवटीं बेरीज करून वरील पांच ओळींशीं ताडून पाहावी. सरासरी रोजची धांव ४० किलोमीटरांच्या वर असेल आणि बऱ्याच फेऱ्या अर्ध्या तासाहून लांब असतील, तर डिझेल निःशंकपणें घ्यावें. नसेल तर पेट्रोलची गाडी घेऊन उरलेले सव्वा लाख रुपये ठिबकांत, गोठ्यांत अगर मुलांच्या शिक्षणांत घालावे. तेथें त्यांचें उत्पन्न अधिक येईल.